जुन्या फरशीवर व्हिनाइल बसवावं का?

प्रश्न : आईचे गुडघे दुखतात, गार फरशी तिला सोसत नाही. टाइल न फोडता वरून लक्झरी व्हिनाइल, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, बसवता येईल का? पाण्याने खराब होईल का?

उत्तर : बसवता येईल, आणि आईंसाठी तर जरूर बसवा. व्हिनाइल पायाला टाइलइतकं गार लागत नाही, खाली फोमचा थर असला तर किंचित मऊही लागतं. मी फरशीचीच कामं करते. तोडफोड टळली की घरातल्या थकलेल्या माणसांचे हाल किती वाचतात, हे नेहमी पाहते.

मात्र नुसत्या नक्षीला भुलू नका. लाकडाचा तो भास म्हणजे छापील फिल्म; तिला राखतो वरचा पारदर्शक थर. घरात तो ०.३ मिमी चालतो, पण वर्दळीच्या खोलीत मी ०.५ मिमीचाच आग्रह धरते. तो झिजला की लाकडासारखं घासून पॉलिश करता येत नाही, पट्टीच बदलावी लागते.

पाण्याने पट्टी फुगत नाही. सांध्यांतून खाली झिरपलेलं पाणी मात्र अडकून कुबट वास मारतं, म्हणून सांडलेलं लगेच पुसा. आधी हलणाऱ्या टाइल पक्क्या करा, खोल सांधे भरून पृष्ठभाग सपाट करून घ्या. इथे हयगय झाली तर पट्ट्या एकमेकींत अडकवणारे क्लिकचे खाचे तुटतात. उष्णतेने पट्ट्या प्रसरण पावतात, तेव्हा भिंतीकडेला फट सोडायला लावा. दारं घासतील का, तेही बघा. आणि आईंच्या पलंगापाशी खालून रबर असलेलं पायपुसणं नको. त्याचे पिवळे डाग व्हिनाइलवरून निघत नाहीत.