साडेसहाचा फोन

डॅलसहून एका मुलीचं पत्र आलंय. तिने मला काकू म्हटलंय, म्हणून मीही अगंतुगंच करते. तिची आई ८१ वर्षांची. वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर आई सोलापुरातल्याच एका ज्येष्ठ निवासात राहायला गेली. मुलगी लिहिते:

"काकू, जागा चांगली आहे, माणसं मायेची आहेत. नवरात्र ते तुळशीच्या लग्नापर्यंतच्या कार्यक्रमांचं पत्रक पाहून मीच हरखले. हादगा, भजन, रूपाभवानीचं दर्शन, कोजागिरी, आकाशकंदील करणं, सगळं आहे. ग्रुपवर रोज फोटो येतात, पण एकातही आई नसते. विचारलं तर म्हणते, 'मला नाही आवडत गर्दी.' आमच्या गल्लीतला हादगा जिने इतकी वर्षं चालवला ती असं म्हणते! व्यवस्थापकांशी बोलू का? माझ्याकडून मी काही कमी पडू देत नाही. रोज सकाळी आठला ऑफिसला निघाले की गाडीतून फोन करते, एक दिवस चुकवत नाही."

व्यवस्थापकांना राहू दे. तुझं शेवटचं वाक्य परत वाच.

तुझे सकाळचे आठ म्हणजे सोलापुरात संध्याकाळचे साडेसहा. आता सोलापूरचा ऑक्टोबर आठव. परतीचा पाऊस ओसरला की ऊन असं तापतं की दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. म्हणून म्हाताऱ्या माणसांचे कार्यक्रम कुणीही साडेपाचच्या आत ठेवत नाही. ऊन कललं की खुर्च्या बाहेर येतात, पाटावर हत्ती मांडला जातो, दिवेलागणीला आरती होते, सातच्या पुढे जेवण. शरदातलं जे काही करण्याजोगं आहे ते सगळं त्या दोन तासांत होतं, आणि तुझी आई ते दोन तास खोलीत बसून असते. सहापासून फोन चार्जिंगला लावते, हॉलमध्ये रेंज गेली तर काय म्हणून बाहेर पडत नाही. तू ठेवलास की हादगा संपलेला असतो, खिरापत वाटून झालेली असते. ती तुला हे सांगणार नाही. सांगितलं तर तू फोन बंद करशील, ही तिची भीती. गर्दी आवडत नाही म्हणणं तिला सोपं.

मी हे इतक्या खात्रीने सांगते, कारण आमच्या घरात हेच घडलं. माझ्या सासूबाई सोलापुरात, आम्ही न्यू जर्सीत आणि वन्सं सिडनीत. वन्संचा फोन दुपारी, यांचा संध्याकाळी. मधल्या वेळात सासूबाई दोन्ही फोनांची वाट बघायच्या. त्यात या ऋतूत परदेशातली आपली घड्याळं फिरतात. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सिडनीचं घड्याळ तासभर पुढे जातं, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेचं मागे येतं, भारताचं जागचं हलत नाही. महिन्याभरात एक फोन तासाने अलीकडे आला आणि दुसरा तासाने पलीकडे गेला. सासूबाईंना वाटायचं, मुलं विसरली. मी यांच्याशी भांडले, वन्संशी तर जास्तच, आणि दोघांचेही फोन हलवून घेतले. पुढच्या नवरात्रात सासूबाई शेजारच्या तेलुगू पद्मशाली बायकांबरोबर बतुकम्माची, म्हणजे त्यांच्या फुलांच्या सणाची, फुलं रचायला बसल्या. तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, थरावर थर. जन्मभर सोलापुरात राहून तेलुगू कानावर पडलं होतं, त्यांच्या बोलण्यात ते तेव्हा पहिल्यांदा आलं. यांना फोनवर दोन ओळी म्हणून दाखवल्या, तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुझा फोन रात्री नऊला लाव. मुलांची जेवणं आटोपलेली असतात, तूही गाडीत नसतेस. सोलापुरात तेव्हा सकाळचे साडेसात वाजतात, नोव्हेंबरात घड्याळ बदललं की साडेआठ. तिचा चहा झालेला असतो, ऊन चढलेलं नसतं आणि कालच्या संध्याकाळचं सांगायला तिच्याकडे काहीतरी असतं. आत्ता तुमचं बोलणं काय होतं ते मी न ऐकता सांगते: जेवलीस का, गोळी घेतलीस का, बीपी किती. रोज तेच, कारण तिच्या दिवसात दुसरं काही घडायला आपण जागाच ठेवली नाही. आणि रोज नको. आठवड्यातून तीन सकाळी पुरे, त्यात रविवार मोठा. बाकीच्या दिवशी तिला वाटलं तर ती करेल. पहिले पंधरा दिवस तुलाच चुकल्यासारखं होईल, ते तू सोस.

तिला हे सांगायचं कसं, हेही महत्त्वाचं. "आई, तुझ्यासाठी वेळ बदलते" म्हणालीस तर ती नको म्हणेल, लेकीची गैरसोय तिला चालणार नाही. म्हण, "मला सकाळी गाडीत बोलणं झेपत नाही, रात्री निवांत बोलू." मग ती लगेच ऐकेल.

आणखी एक. कार्यक्रम चालू असताना "आई, दाखव ना गं" म्हणून व्हिडिओ लावायला सांगू नकोस. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाला असं फार होतं. सगळ्या आज्या टाळ्या वाजवत असतात आणि एकदोघी हात वर करून फोन धरून उभ्या असतात, खांदा दुखेपर्यंत. ग्रुपवरच्या फोटोत आई शोधणंही थांबव. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरपर्यंत रात्रभर माणसं चालत जातात. दसऱ्यानंतर श्रमनिद्रेत गेलेली देवी त्या पौर्णिमेला जागी होते, तिच्या दर्शनाला. निवासातल्या धडधाकट मंडळींना रस्त्याकडेला पाणी वाटायला नेतात का, एवढं व्यवस्थापकांना विचार. नेत असतील तर तुझ्या आईला पेले भरण्याचं काम द्या म्हणावं. नुसतं बघायला चला म्हटलं की ती येणार नाही. जिने हादगा चालवला तिला हाताला काम लागतं.

तुझे बाकीचे प्रश्न थोडक्यात. कोजागिरीचं मसाला दूध: आईला साखरेचा त्रास असला तरी ओंजळभर दुधाने आभाळ कोसळत नाही, बिनसाखरेचा पेला वेगळा काढायला सांग आणि तिच्या डॉक्टरांना एकदा विचारून घे. हयातीचा दाखला: केंद्राच्या पेन्शनला ८० वर्षांवरच्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो, नोव्हेंबरची वाट बघू नका. सरकारच्या जीवन प्रमाण या ऑनलाइन सोयीवर आधार आणि चेहरा दाखवून मोबाइलवरही होतो. निवासातला कुणी तरुण दहा मिनिटांत करून देईल.

दिवाळीला येऊ की जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला, असं विचारलंस. तुझ्या मुलांना मिरवणुकीतले नंदीध्वज बघायचेत, हे मला कळतं. पण दिवाळीत निवासातली बरीचशी माणसं मुलांकडे जातात, कार्यक्रमही थांबतात आणि जेवणाच्या हॉलमध्ये चारपाच जण उरतात. जानेवारीत तिच्याभोवती सगळे असतील. तू दिवाळीत ये, आणि तिकीट आजच काढ.