चार महिन्यांच्या बाळाला काचबिंदू होतो का? थांबून बघितलं तर चालेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाळाच्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं, उजेडात ते डोळेच उघडत नाही, डॉक्टरांनी काचबिंदूची शंका घेतलीय आणि सासूबाई म्हणतात, हा म्हातारपणाचा आजार, सहा महिने थांबू. होतो, ताई. अगदी जन्मतःही असतो. आणि थांबू नका, सहा महिने तर नाहीच.

माझा मुलगा आता सहा वर्षांचा आहे. आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो. तान्हा असताना त्याचे डोळे इतके टपोरे होते, की बारशाला आलेली प्रत्येक जण म्हणाली, दृष्ट काढ गं बाई याची. सकाळी तेल लावून कोवळ्या उन्हात घेऊन बसले की तो कुशीत तोंड खुपसायचा. पाणी येतंय म्हणून दाखवलं, तर अश्रूंची नळी बंद आहे, नाकाच्या कडेने मालिश करा, असं सांगितलं गेलं. दोन महिने मी मनापासून मालिश केली. ते दोन महिने मला आजही बोचतात.

नळी बंद असली की चिपडं धरतात, पापण्या चिकटतात, पण बुबुळ स्वच्छ असतं आणि मूल उजेडाला घाबरत नाही. माझ्या मुलाचं बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखं निळसर-धुरकट दिसायचं. तुमच्या बाळाचे जन्मापासूनचे फोटो ओळीने बघा, डोळे मोठे किंवा धुरकट होत गेलेत का ते. आणि डॉक्टरांकडे जाताना ते न्या.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून ते बाहेर जातं. काही बाळांची ही जाळी पोटात असतानाच नीट घडलेली नसते. पाणी तुंबतं, डोळ्यातलं प्रेशर वाढतं, हाच बाळांचा काचबिंदू. तीनेक वर्षांपर्यंत डोळा मऊ असतो, म्हणून तो ताणून मोठा होतो. नवजात बाळाचं बुबुळ साधारण १० मिलिमीटरचं असतं, वर्षाच्या आत १२ च्या पुढे गेलं की डॉक्टर सावध होतात. आमचं साडेबारा होतं. टपोरे डोळे म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करत होतो, तो आजारच होता. प्रेशरने डोळ्यामागची नजरेची नस मरते आणि तिथून गेलेली नजर परत येत नाही.

एवढ्या लहान मुलाची पूर्ण तपासणी बहुतेक वेळा भूल देऊनच होते. आम्ही आदल्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. भुलेआधी चार तास अंगावर पाजायचं नव्हतं. तो भुकेने रडत होता आणि माझा पदर दुधाने भिजत होता. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मनाची तयारी केली असती, म्हणून तुम्हाला सांगते.

बाळांच्या या काचबिंदूवर मुख्य उपाय ऑपरेशनच. थेंब सोबतीला असतात. घरात आजी-आजोबांचे काचबिंदूचे थेंब असतील, तर ते बाळाला चुकूनही घालू नका. त्यातलं ब्रिमोनिडीन नावाचं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत, श्वास मंदावू शकतो.

आमचं लग्न नात्यातलं, मामेभावाशी. या आजारात बऱ्याचदा दोन्ही आईवडिलांकडून सदोष जनुक येतं आणि तसं असेल तर पुढच्या प्रत्येक मुलाला चारात एक धोका राहतो. तुमचंही तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. यात कुणाचा दोष नाही, हे मला स्वतःला पटायला वर्ष लागलं.

ऑपरेशननंतरही सुटका नाही. चष्मा आला, चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावून दुसऱ्याला कामाला लावावं लागलं, आणि प्रेशरची तपासणी आयुष्यभर चालणार. पण तो पहिलीत आहे, पहिल्या बाकावरून फळा वाचतो.

आता फोन करून दोनच गोष्टी विचारा: भूल देऊन तपासणी लवकरात लवकर कधी होईल, आणि काचबिंदू निघाला तर त्याच भुलेत ऑपरेशन करता येईल का.