डिजिटल सेवांमुळे मुलांची गरिबी खरंच कमी होते का?

नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर हो, पण अर्धवट.

सुरगाणा, पेठमधली कुटुंबं द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे कामाला उतरतात. पूर्वी गाव सुटलं की लेकराचं अंगणवाडीशी नातंही सुटायचं. केंद्र सरकारने 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप आणलं. त्यात बाळाची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे हलवता येते. हा मला या सगळ्यातला सर्वात मोलाचा भाग वाटतो. द्राक्षबागेशेजारच्या अंगणवाडीत जाऊन आधीच्या गावाचं नाव सांगा आणि नोंद इकडे घ्यायला सांगा.

अडचण येते ती पडताळणीत. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. त्यासाठी आधी आधारची पडताळणी ओटीपीने करावी लागते. आधारला जोडलेला मोबाईल नवऱ्याकडे, तो कामावर, आणि ओटीपी त्याच्या फोनवर! डोंगरपट्ट्यात रेंज नसते ते वेगळंच. ताटकळते ती कडेवर मूल घेतलेली आई, आणि बोलणी खाते अंगणवाडी सेविका. मला याचा मनापासून राग येतो.

म्हणून हे लक्षात ठेवा: अन्नसुरक्षा कायदा, 2013 नुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणं हा हक्क आहे. आधार नाही म्हणून मुलाचा लाभ नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या निकालात स्पष्ट म्हटलंय. कोणी परत पाठवलं तर पर्यवेक्षिकेकडे किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.