चिखलाची गरम कुंडं बघायला जरूर जा, पण आधी मल्टीस्टेटमधले 23 लाख बाहेर काढा

परभणीहून एका भाऊंचं पत्र आलंय. वय 42, कृषी सेवा केंद्र आहे, बायको खासगी शाळेत शिकवते, मुलगी 13 ची आणि मुलगा 9 चा. मुलीनं भूगोलात ज्वालामुखीचा धडा वाचला आणि तेव्हापासून तिला उकळणारा चिखल डोळ्यांनी बघायचाय. टूरवाल्यानं न्यूझीलंडच्या रोटोरुआचं चौघांचं पॅकेज साडेआठ लाखाला सांगितलं. साडेचार लाख हाताशी आहेत. भाऊंचा प्रश्न असा की उरलेल्या चार लाखाला पर्सनल लोन काढू का मल्टीस्टेटमधली, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेतली, एफडी मोडू, तिथं 13 टक्के मिळतात म्हणून मोडायला जीवावर येतंय.

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं, हे लिहिलंय: त्या मल्टीस्टेटमध्ये माझे 9 लाख आहेत, वडील एसटीतून रिटायर झाले तेव्हाचे त्यांचे 14 लाख पण तिथंच आहेत, मागच्या महिन्यात व्याज आठ-दहा दिवस उशिरा आलं पण मॅनेजर म्हणले सिस्टीम अपडेट चालू आहे, काळजीचं काही नाही ना?

भाऊ, काळजीचंच आहे. तुमचा खरा प्रश्न हाच आहे, न्यूझीलंड नाही.

लोनचं पटकन सांगतो. चार लाख, तीन वर्षं, 14 टक्के धरले तर हप्ता पावणेचौदा हजाराच्या आसपास आणि व्याजापोटी 90 हजाराच्या वर जाणार. फेब्रुवारी ते एप्रिल तुमच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं आणि मे मध्ये बियाणं-खत भरायला रोख लागते, तेव्हा हा हप्ता कुठून भरणार? फिरायला कर्ज नको, विषय संपला.

आता मल्टीस्टेट. तुम्ही लिहिलंय "बँकेसारखीच आहे, काउंटर आहे, पासबुक आहे". काउंटर असल्यानं बँक होत नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, एका बँकेत माणशी 5 लाखापर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, 2020 पासून ही मर्यादा आहे. मल्टीस्टेट क्रेडिट सोसायटीला हे संरक्षण नाही, एक रुपयाचंही नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नसते, ती केंद्राच्या सहकार निबंधकाकडं नोंदवलेली असते. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली का? नाही सांगितली, कारण तुम्हाला ही एफडी विकली कुणी तर रोज संध्याकाळी दुकानावर मशीन घेऊन येणाऱ्या पिग्मीवाल्यानं. तो घरच्यासारखा झालाय, चहा पितो, पोरांची चौकशी करतो, तोही वाईट माणूस नसेल, त्याला कमिशन मिळतं आणि त्याला स्वतःलाच पूर्ण माहिती नसते. पण "व्याजावर टॅक्स लागत नाही" हे त्यानं सांगितलेलं साफ खोटं आहे. ते व्याज तुमच्या उत्पन्नातच धरलं जातं.

हिशोब बघा. बँकेत साधारण 7 टक्के धरा, मल्टीस्टेट 13 देतेय, म्हणजे 6 टक्के जास्त. 23 लाखावर वर्षाला 1 लाख 40 हजाराच्या आत-बाहेर. एवढ्यासाठी पूर्ण 23 लाख पणाला लागलेत. संस्था बसली तर गेलेली मुद्दल या जास्तीच्या व्याजातून भरून यायला सोळा-सतरा वर्षं लागतील. वडिलांकडं तेवढी वर्षं आहेत का हो?

सगळ्या संस्था बुडव्या आहेत असं मी म्हणत नाही. पण 2023 पासून बीड, संभाजीनगर भागात काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंय, कदाचित नात्यातलं कुणी अडकलं पण असेल. पोरीच्या लग्नाचे, जमीन विकलेले, रिटायरमेंटचे पैसे, आणि लोक हातात पावत्या घेऊन मोर्च्यात उभे. गुन्हा दाखल होतो, ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त होते, पण लिलाव होऊन पैसे हातात यायला वर्षानुवर्षं जातात. आणि बहुतेक ठिकाणी आधी हेच ऐकू येतं, व्याज चार दिवस पुढं ढकललं, सिस्टीम अपडेट चालू आहे, पुढच्या सोमवारी या.

म्हणून आता जे पैसे मिळतायत ते मिळतायत तोवर काढा. आधी वडिलांच्या पावत्या. मुदतपूर्व मोडण्याचा लेखी अर्ज द्या, दोन प्रती करा, एका प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. व्याज कापतील, कापू द्या. "अर्धा टक्का वाढवून देतो, रिन्यू करा" म्हणतील, त्याला अजिबात भुलायचं नाही, उलट पैशाची अडचण असलेली संस्थाच असं जास्त द्यायला बघते. वडिलांचे 14 लाख पोस्टात किंवा बँकेत सिनियर सिटीझन सेव्हिंग स्कीममध्ये ठेवा. सध्या 8.2 टक्के आहे, मागं सरकार उभं आहे, दर तीन महिन्याला साधारण 28 हजार 700 खात्यात येतील. 13 टक्क्यांपेक्षा कमीच आहेत, पण आईच्या दवाखान्याच्या वेळी मुद्दल जागेवर असेल. तुमचे 9 लाख दोन बँकांत विभागून टाका.

पिग्मी पण उद्यापासून बंद. रोजचे 500 म्हणजे महिन्याला 15 हजार, तेच बँकेत आरडीला लावा. दीड वर्षात 2 लाख 70 हजार होतात, व्याज वेगळं. आणि पोरीची सहल यातूनच होऊ शकते, फक्त न्यूझीलंडची नाही.

गंमत अशी की रोटोरुआत चिखलाची कुंडं बघायला पैसेच लागत नाहीत. गावातल्या कुइराऊ पार्कला फुकट फिरता येतं, वाय-ओ-टापूजवळचं मोठं मड पूल सुद्धा तिकिटाच्या आवाराबाहेर आहे. तुमचे साडेआठ लाख जाणार ते मुख्यतः विमानाला आणि हॉटेलला. मग जवळचा ज्वालामुखी बघा ना. इंडोनेशियात जावा बेटावर दिएंग पठार आहे, दोन हजार मीटर उंचीवर, तिथं सिकिदांग नावाच्या विवरात करडा चिखल बुडबुडतो, वाफ निघते, गंधकाचा वास येतो. खालून येणारी वाफ आणि आम्लाचे वायू खडकाला कुजवून त्याची माती करतात, पाणी थोडं असलं की त्याचा असा चिखल होतो, हे पोरीला तिथं उभं राहून कळेल. जवळच अर्जुन, भीम अशा नावांची बाराशे-तेराशे वर्षांची जुनी हिंदू देवळं आहेत. चौघांचं विमान अंदाजे दीड लाख, व्हिसा विमानतळावर मिळतो, माणशी पाच लाख रुपिया म्हणजे आपले तीन हजाराच्या आत, आठ दिवसांचं राहणं-खाणं-गाडी 80-90 हजार. अडीच ते पावणेतीन लाखात बसतं. योग्यकर्ता शहरात मुक्काम करा, तिथून गाडीनं चारेक तासाचा रस्ता आहे. मे च्या पहिल्या आठवड्यात जा, तिकडं पावसाळा सरलेला असतो, इकडं पोरांना सुट्टी असते, आणि 15 मे नंतर तुम्हाला दुकान सोडता येणार नाही. लाकडी वाटेच्या खाली मुलाला पाय टाकू देऊ नका, वरची माती कडक दिसते पण आत उकळतं असतं. बंद केलेल्या विवराकडं तर बिलकुल जायचं नाही, 1979 साली याच पठारावर जमिनीतून आलेल्या वायूनं शंभरावर माणसं दगावली होती.

तोवर दीड वर्ष पोरीला थांबवायचंय तर एखाद्या रविवारी किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला नेऊन आणा. आपल्याच नांदेड जिल्ह्यातले गंधकाचे गरम झरे आहेत. चिखल उकळत नाही तिथं, कारण आपल्याकडचा ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झालाय, ते पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं. डबा बांधून न्या, चौघांचा खर्च दीड-दोन हजार.

सगळ्या पावत्यांवरच्या ठेवीच्या आणि मुदतीच्या तारखा मला कळवा, वडिलांच्या पावत्यांच्या सगळ्यात आधी. ज्या पावतीची मुदत पंधरा-वीस दिवसांवर आली असेल तिच्या रिन्यूच्या फॉर्मवर तेवढी सही करू नका.