मलावीला निघालीस, त्याआधी एक हापसा उघडून बघ

अगं, तुझा मेल परवाच वाचला, गुडघा धरलाय म्हणून उत्तराला उशीर. फेलोशिप मिळाली, मलावीला चाललीस, लय भारी वाटलं. पण एक वाक्य खटकलं, "गरीब देशांत टेक्नॉलॉजी पोचतच नाही सर". पोचते गं! ट्रकात बसून, रिबिनी कापून, फोटो काढून पोचते आणि मग एका वायसरपायी बंद पडून तशीच उभी राहते. आफ्रिकेत कुठल्याही दिवशी साधारण चौथा ते तिसरा हिस्सा हापसे बंदच असतात.

मी सोलापूर भागात हापशांच्या मागे आयुष्य घातलंय, म्हणून उदाहरण तेच देणार, तुला सवय आहे. १९६०-७० च्या दशकात आपल्याकडं बोअर मारायच्या मशिनी आल्या, दुष्काळात धडाधड बोअर झाले, आणि वर बसवले बिडाचे पंप. ते मुळात युरोप-अमेरिकेत एका घरच्या अंगणात दिवसाला चार बादल्या काढणाऱ्या पंपांची नक्कल, इथं पहाटेपासून अख्खी वस्ती दांडा हापसतीय, टिकणार कसे? १९७४ च्या सुमारास युनिसेफनं बघितलं तर चारातले तीन बंद. यावर उत्तर निघालं जालना आणि सोलापूरला, ख्रिस्ती मिशनच्या विहिरींवर काम करणाऱ्या लोकांकडून. सोलापूर पंप केला तो कॉलेज न शिकलेल्या एका मेकॅनिकनं: अंग पोलादी, दांड्याला सीलबंद बेअरिंग, रॉड चैनीला टांगलेला म्हणजे ओढ सरळ बसते. त्याच्यावरनं युनिसेफ, सरकार आणि मद्रासला रिचर्डसन अँड क्रुडास यांनी मिळून इंडिया मार्क टू केला, १९७९ ला त्याचं आयएसआय स्टँडर्ड आलं, पेटंट कुणाचं नाही, त्यामुळं कुठलाही कारखाना बनवू शकला आणि सुटे भाग मिळत राहिले. माझ्या मते डिझाइनपेक्षा हीच खरी हुशारी.

आता लगेच छाती फुगवू नकोस. तोच मार्क टू आफ्रिकेत गेला आणि जिथं पाणी आम्लधर्मी तिथं लोखंडी पाइप गंजले, लाल पाणी यायला लागलं, बायका परत जुन्या पाणवठ्यावर. शिवाय पाइप वर काढायचा तर तिकाटणं आणि चार-पाच गडी लागतात, गाडी यायची वाट बघा. म्हणून १९८० च्या दशकात मलावी आणि केनियात अफ्रिडेव्ह नावाचा हापसा तयार झाला: पीव्हीसी पाइप, आतला रॉड पाइप न काढता वर येतो, एका पान्यावर बरंचसं काम, गावातली बाई करू शकते. म्हणजे तू जिथं चाललीयस तिथं लोकांनी हा विचार तुझ्या जन्माआधी केलाय, हे लक्षात ठेवून जा.

आणि प्लेपंप वाच. पोरं चक्रावर खेळतील आणि पाणी वर चढेल, ऐकायला काय गोड! २००६ मध्ये अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले, ४००० बसवायचे होते, एकाला सुमारे १४,००० डॉलर, त्यात कितीतरी साधे हापसे झाले असते. पोरं दमतात, शाळेत जातात, मग म्हाताऱ्या बायका ते चक्र हातानं ढकलत बसल्या. २०१० पर्यंत अमेरिकेतल्या संस्थेनं गाशा गुंडाळला. हसू नको, मीपण एकदा वॉल्व्ह "सुधारला" होता, त्याचा भाग फक्त पुण्यातल्या एका टर्नरकडं मिळायचा, त्यानं दुकान बंद केलं आणि माझे तिन्ही हापसे कायमचे गेले.

आता तू हापशांना सेन्सर लावायचं म्हणतीयस, त्याबद्दल. केनियात क्युसोला ऑक्सफर्डवाल्यांनी दांड्यातच सिमकार्डचं यंत्र बसवलं, दुरुस्तीला जवळपास महिना लागायचा तो तीन दिवसांच्या आत आला. पण नीट वाच, सिमनं फक्त पंप बंद पडल्याचा निरोप दिला, काम झालं ते पगारी मेकॅनिक आणि त्याच्याकडचे सुटे भाग तयार होते म्हणून. तुझ्या प्रपोजलमध्ये सेन्सरला ११ पानं आणि मेकॅनिकला दीड ओळ, हे उलटं कर.

पहिले पंधरा दिवस लॅपटॉप उघडू नको. बाजाराच्या गावात दुकानात जा, यू-सील, म्हणजे अफ्रिडेव्हच्या आतलं रबरी सील, माग, मिळतं का, केवढ्याला, नसलं तर किती लांबून येतं ते विचार. दुरुस्तीची वर्गणी कुणाकडं जमते ते विचार. तिथं मका निघतो एप्रिल-मेमध्ये, पैसा हातात तेव्हाच, आणि पंप सगळ्यात जास्त हापसला जातो ऑक्टोबरच्या उन्हात, म्हणजे मोडतो बरोबर खिसा रिकामा असताना. हे कुठलं सेन्सर सांगणार? आणि तिथली भाषा चिचेवा शीक, मोडकी चालेल.

जायच्या आधी दोन दिवस इकडं ये. माझा जुना जोडीदार अजून हापसे खोलतो, त्याच्याबरोबर एक पाइप वर ओढून बघ. जुने कपडे आण, ग्रीस निघत नाही. तुझ्या काकूनं विचारलंय, शेंगाची चटणी विमानात चालते का?