आयएसएलच्या (2014 ला सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगच्या) आधी भारतात खरी राष्ट्रीय फुटबॉल लीग होती का? पहिली कोणी जिंकली?

होती. नॅशनल फुटबॉल लीग, 1996 च्या शेवटी सुरू झाली. 12 संघ, सहा-सहांचे दोन गट, प्रत्येक गटातले वरचे चार पुढच्या फेरीत. जिंकली जेसीटीने. चर्चिल ब्रदर्स दुसरे, ईस्ट बंगाल तिसरे. सर्वाधिक गोल बायचुंग भुतियाचे, 14. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहन बागान, त्याच्या पुढच्या वर्षी गोव्याचा साळगावकर. प्रश्नापुरतं उत्तर एवढंच.

पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "तेव्हा कंपन्यांचेच संघ असायचे, म्हणजे ती हौसच, खरं व्यावसायिक फुटबॉल 2014 नंतरचं." हे वाक्य मी पंचवीस वर्षांहून जास्त काळ घरात ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो.

जेसीटी म्हणजे पंजाबात फगवाड्याची जगतजीत कॉटन अँड टेक्स्टाइल. कापडगिरणी. आमचे बाबा लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. 1982 चा संप झाला आणि त्यानंतर आमच्या घरात गिरणीचा पगार आला नाही. बाबा एका इमारतीत वॉचमन झाले. गिरणीचं नाव काढायचे नाहीत. फक्त रात्रपाळी नसली की पहिल्या पाळीच्या वेळेला जाग यायची आणि खाटेवर नुसते बसून राहायचे.

जेसीटीने लीग जिंकल्याची बातमी आमच्या पेपरात खेळाच्या पानावर अगदी खाली, दोन बोटं जागेत आली होती. बाकी सगळं पान क्रिकेटचं. मी ती मोठ्याने वाचली. बाबा म्हणाले, "मिल म्हणजे कापडाची?" म्हटलं हो, कापडाची. "चालू आहे?" चालू आहे बाबा, खेळाडूंना पगार देते. त्यांनी माझ्या हातातून पेपर घेतला, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ धरला आणि स्वतः वाचला. कोणी गोल केले ते विचारलं नाही. मग आईकडून वाटीत भाताची चार शितं मागून घेतली, ब्लेडने तेवढीच बातमी कापली आणि ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली. त्या झाकणावर तोवर दोनच गोष्टी होत्या, अंबाबाईचा फोटो आणि त्यांचं गिरणीतलं ओळखपत्र.

त्याच रात्री जेवताना दादा म्हणाला, "कंपनीची टीम म्हणजे नोकरीचं निमित्त. क्लब म्हणायचा तो मोहन बागानला." बाबा काही बोलले नाहीत. मी मात्र ताटावरून उठलो, कारण मी तेव्हा मुंबईतल्या एका कंपनीच्या संघात लेफ्ट बॅक होतो.

आम्ही हारवूड लीग, म्हणजे मुंबईची स्थानिक लीग, खेळायचो. सकाळी सहाला सराव, दहाला मस्टरवर सही, मॅच असली की दुपारी सुटी आणि बूट पिशवीत टाकून कुपरेजच्या फुटबॉल मैदानावर. पगार ठरल्या तारखेला. माझ्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं तेव्हा ऑपरेशनचा खर्च कंपनीने केला आणि मी सहा महिने घरी असताना पगार चालू राहिला. आज करारावर खेळणाऱ्या किती पोरांना ही खात्री आहे? माझ्या मते पोट सांभाळतं ते व्यावसायिक. मैदानावर दिवे आणि टीव्हीवर जाहिराती असल्या म्हणजे व्यावसायिक होत नाही.

भारताचा नावाजलेला फॉरवर्ड आय. एम. विजयन घ्या. त्रिशूरच्या स्टेडियमवर सोडा विकणारा मुलगा. त्याला कोणत्या क्लबने शोधलं नाही, केरळ पोलिसांनी आपल्या संघात घेतलं, नोकरीसकट. 1990 आणि 1991 चे फेडरेशन कप (देशभरच्या संघांची कप स्पर्धा) त्या पोलिसांच्या संघाने नेले. तोच विजयन पुढे जेसीटीत आला. सोबत भुतिया, कार्लटन चॅपमन, कोच सुखविंदर सिंग. 1995 आणि 1996 चे फेडरेशन कप याच गिरणीचे, आणि मग पहिली लीग. भुतिया तर ईस्ट बंगाल सोडून तिकडे गेला होता. कोलकात्याचा क्लब सोडून एवढा तरुण पोरगा फगवाड्याला हौस म्हणून जातो का?

आमचा संघ पुढे बंद झाला. नोटीस बोर्डावर एक परिपत्रक लागलं, बस. स्टोअरकीपरने जर्सी मोजून परत घेतल्या. माझ्या 3 नंबरच्या जर्सीची कॉलर उसवली होती, तर त्याने रजिस्टरात माझ्या नावापुढे "फाटकी" असा शेरा मारला आणि तिथे माझी सही घेतली. ती सही करताना जेवढं लागलं तेवढं गुडघ्यालाही लागलं नव्हतं. पण नोकरी राहिली. मी डिस्पॅचला गेलो आणि त्याच पगारावर बहिणीचं लग्न झालं, खोली झाली.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी. हे संघ मालकाचे होते, गावाचे नव्हते. मुंबईच्या महिंद्रा कंपनीच्या संघाने 2005-06 ची नॅशनल लीग जिंकली, कोच डेरिक परेरा. मुंबईच्या वाट्याला ती लीग तेवढी एकदाच आली. 2010 मध्ये संघ बंद. 2011 मध्ये जेसीटीही. क्लबचे लोक रस्त्यावर येतात, गिरणीच्या संघासाठी कोण येणार? 13 जुलै 1997 ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला मोहन बागान आणि ईस्ट बंगाल कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर खेळले तेव्हा 1,31,000 माणसं होती. आमच्या कुपरेजला कित्येकदा दोन्ही संघांचे नातेवाईकच काय ते पायऱ्यांवर असायचे. एवढ्यापुरतं दादाचं बरोबर होतं, हे मी त्याला तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की भाचा चांगला खेळतो, त्याने रेल्वेची ट्रायल द्यावी की एखाद्या अकादमीत फी भरून जावं. ट्रायल द्यावी. लागला तर निमूट जावं आणि कोणी नोकरीचं निमित्त म्हणालं तर म्हणू द्यावं. फक्त आधी विचारून घ्या की संघ उद्या बंद झाला तर नोकरी राहते का, आणि ते लेखी घ्या.

बाबा गेल्यावर ट्रंक दादाकडे डोंबिवलीला गेली. मागच्या मे महिन्यात उघडून पाहिली. शितांच्या जागी झुरळांनी कोपरे खाल्लेत, पण बातमी आहे. मी म्हटलं, दादा, तुझ्या लेखी ते नोकरीचं निमित्तच ना, मग ट्रंक मला दे. दोनदा मागितली. देत नाही.