ड्रिलची बॅटरी रात्रभर एलईडी दिव्यावर राहिली, आता चार्जरचा लाल दिवा नुसता लुकलुकतो. बॅटरी गेली का? आणि साइटवर दिवा कोणता घ्यावा?

बहुतेक गेली. तरी टाकण्याआधी तासभर सावलीत ठेवून पुन्हा लावा, तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही. टर्मिनलवरची सिमेंटची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. दुसरी बॅटरी लावून चार्जर धड आहे ना, तेही बघा. मग व्होल्ट मोजायचा मीटर लावा. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये सिरीजमध्ये पाच सेल, फुल्ल असताना २१ व्होल्ट ('२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेली बॅटरीही हीच). साडेबाराच्या खाली असेल तर सेलमागे अडीच व्होल्टही उरले नाहीत, अशा बॅटरीला बरेच चार्जर हात लावत नाहीत.

माझी ९.४ भरली होती.

मी आणि माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, मिळून वायरिंगची कामं घेतो. तासगावजवळ एका बेदाणा शेडचं काम होतं, विजेचा मीटर अजून बसला नव्हता, म्हणून संध्याकाळी दिव्यावर काम चालायचं. दिवा दादाने बाजारातून आणलेला, १० वॅटचा, कुठल्याही कंपनीची बॅटरी बसते असा. बॅटरी माझी, ४ अँपिअर-अवरची, आठच दिवसांपूर्वी घेतलेली. दादाचं ठाम मत की अर्धी बॅटरी चार्जला लावायची नाही, आधी पार उतरवायची. म्हणून निघताना त्याने दिवा मुद्दाम चालू ठेवला. ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-तास, १० वॅटच्या दिव्याला सात तास. आम्ही आठला निघालो, म्हणजे पहाटे तीनलाच ती बसली आणि पुढेही दिवा तिला ओढतच राहिला. सकाळी पट्टीत काजव्याएवढा उजेड होता.

पॅक उघडला. सेलच्या पाच जोड्या. चार जोड्या २.२ व्होल्टवर, पाचवी ०.६ वर.

दादा म्हणाला, दुसऱ्या बॅटरीवरून दोन वायरी जोडून धक्का देऊ. मी वायरी काढून घेतल्या, त्यावरून आमचं जे वाजलं ते आजही मिटलेलं नाही. तो म्हणतो जगली असती. मी म्हणतो जगली असती तर जास्त वाईट झालं असतं. लिथियमचा सेल इतका खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळतं, आणि चार्ज करताना भलत्या जागी जमतं. तिथेच आत शॉर्ट होतो. अशी बॅटरी घरात चार्जला लावून कोणी झोपू नये.

बॅटरी मुळात खराब निघाली, असंही तो म्हणतो. नव्हती. बऱ्याच कंपन्यांत व्होल्टेज उतरलं की बंद करणारं सर्किट पॅकमध्ये नसतं, ड्रिलमध्ये असतं. शिवाय ड्रिल दमलं की हाताला कळतं. बाजारातल्या त्या दिव्यात असलं काहीच नव्हतं.

दिव्याचं म्हणाल तर बॅटरीच्या कंपनीचाच घ्या, नाहीतर स्वतःची बॅटरी आत असलेला. व्होल्टेज उतरल्यावर तो आपोआप बंद होतो का, हे दुकानदाराला विचारून घ्या. कुठलीही बॅटरी बसणारा अडॅप्टरवाला फुकट मिळाला तरी नको.

हां, वॉरंटी शिल्लक असेल तर पॅक उघडू नका, मी उघडला म्हणून माझी गेली. आणि दादाची सवय अगदीच हवेतली नाही. त्याचं पहिलं ड्रिल निकेल-कॅडमियमचं, त्या बॅटऱ्या अधूनमधून उतरवायला सांगत. पण त्याही पार शून्यावर न्यायच्या नसतात, पॅकमधला कमजोर सेल उलटा चार्ज होतो. लिथियम अर्धी असताना खुशाल चार्जला लावा.

आता काम संपलं की दिव्यातून बॅटरी काढून मी पिशवीत टाकतो. दादाला आवडत नाही, पण नव्या बॅटरीचे पैसे मी एकट्याने भरले.